छापखान्यातला वीस वर्षांचा पीसी चालतोय आणि चार वर्षांचा लॅपटॉप गेला, असं का होतं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणजे नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद झाले, आणि तेव्हापासून घरात, ऑफिसात, नातेवाईकांच्या ग्रुपवर एकच विषय चाललाय, जुना पीसी ठेवायचा की काढायचा. माझ्या काकांचा सांगलीत छापखाना आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, जत्रेची हँडबिलं अशी कामं. तिथं कोपऱ्यात २००४ साली घेतलेला असेंबल्ड पीसी आहे, विंडोज एक्सपी, मराठी डीटीपीचं जुनं सॉफ्टवेअर आणि मागे प्रिंटर पोर्टला लावलेलं हार्डवेअर लॉक, ते लॉक नसेल तर सॉफ्टवेअर उघडतच नाही. तो पीसी अजून चालतो. आणि काकांच्या मुलीचा लॅपटॉप, जेमतेम चार वर्षांचा, मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी चालूच झाला नाही. काका मला म्हणाले, "अरे, पूर्वीचा मालच चांगला होता, आताचं सगळं वापरा आणि फेका."

हे वाक्य आपण सगळेच कधी ना कधी बोललोय. ते अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं समजून घेतलं नाही तर माणूस चुकीच्या मशीनवर पैसे घालतो किंवा, त्याहून वाईट, चुकीच्या मशीनवर डेटा ठेवतो.

आपल्याला फक्त उरलेलेच दिसतात

आजीच्या काळातलं पितळी पातेलं अजून चकाचक आहे म्हणून आपण म्हणतो की तेव्हाची भांडी टिकायची. पण जी पातेली चेपली, ज्यांना भोकं पडली, ती केव्हाच मोडीत गेली, ती आज फडताळावर दिसणारच नाहीत. कॉम्प्युटरचंही तेच. काकांनी २००४ ला पीसी घेतला त्याच वर्षी त्या गल्लीत आणखी कितीतरी दुकानांत पीसी आले असतील, त्यातला आज चालणारा मला हा एकच माहीत आहे. बाकीचे भंगारात गेले आणि आपल्या आठवणीतूनही गेले.

अजून मागे गेलो तर चित्र आणखी स्पष्ट होतं. अमेरिकेतल्या एनिॲक या सुरुवातीच्या कॉम्प्युटरमध्ये १७ हजारांहून जास्त व्हॅक्यूम ट्यूब होत्या, म्हणजे जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे दिवे, आणि दर एक-दोन दिवसांनी त्यातला एखादा जायचा. १९५४ साली ते मशीन न बिघडता सलग ११६ तास चाललं, आणि तो त्याचा विक्रम होता. पाच दिवससुद्धा नाहीत! मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये १९६० साली सुरू झालेल्या टिफ्रॅक या कॉम्प्युटरमध्येही सुमारे २,७०० ट्यूब होत्या, अशी मशीन चालू ठेवणं हे स्वतःच एक पूर्णवेळ काम असायचं. आज आपण फोन महिनोन् महिने बंद न करता वापरतो आणि त्यात कोट्यवधी ट्रान्झिस्टर, म्हणजे त्या ट्यूबचंच काम करणारे चिपमधले बारीक स्विच, प्रत्येक सेकंदाला बरोबर काम करत असतात. एकेका भागाचा हिशोब लावला तर आजचे भाग जुन्यापेक्षा खूप जास्त भरवशाचे आहेत, यात वादच नाही.

मग तरी लॅपटॉप का गेला? त्यासाठी मशीन म्हातारं होतं म्हणजे आत काय होतं ते बघायला लागेल.

सगळे भाग एकाच वेगाने म्हातारे होत नाहीत

इंजिनिअर लोक एक आलेख काढतात, त्याला बाथटब कर्व्ह म्हणतात, आकार टबासारखा असतो म्हणून. नवीन मशीनमध्ये सुरुवातीला बिघाड जास्त, कारण बनवतानाचे दोष तेव्हाच बाहेर पडतात, मग मधली बरीच वर्षं शांत, आणि शेवटी झीज सुरू झाली की बिघाड परत वाढतात. पण हा आलेख प्रत्येक भागाचा वेगळा असतो, आणि पूर्ण मशीन तेवढंच जगतं जेवढा त्यातला सगळ्यात आधी जाणारा भाग जगतो. तो बदलता आला तर मशीन पुढे चालतं.

बऱ्याचदा आधी जाणारा भाग म्हणजे कॅपॅसिटर. यावर जरा थांबतो कारण जुन्या-नव्याचं अर्धं कोडं इथंच सुटतं.

मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य पाटीवर, आणि एसएमपीएसमध्ये, म्हणजे पीसीला वीज देणाऱ्या डब्यात, छोट्या उभ्या डब्यांसारखे जे भाग दिसतात ते कॅपॅसिटर. नगरपालिकेचं पाणी कमीजास्त दाबाने येतं पण गच्चीवर टाकी असली की घरात नळाला धार सारखी येते ना, तसं हे वीज साठवून चिपला एकसारखी देतात. त्यातल्या इलेक्ट्रोलायटिक प्रकारात आत एक द्रव असतो आणि तो हळूहळू वाळतो, इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं पाणी कमी होतं तसा. फरक एवढाच की यात वरून पाणी घालता येत नाही. द्रव वाळला की टाकी लहान झाली, चिपला मिळणारी वीज थरथरायला लागली, आणि मग पीसी मधेच रीस्टार्ट होतो, हँग होतो, आपण विंडोजला दोष देत बसतो.

किती दिवसात वाळतो हे तापमानावर आहे. डब्यावर लिहिलेलं असतं, समजा १०५ अंश, २,००० तास. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी कमी झालं की आयुष्य दुप्पट. म्हणजे तोच भाग ६५ अंशांवर राहिला तर ३२,००० तास, रोज आठ तास वापर धरला तर जवळपास ११ वर्षं. आता पंख्यावर धुळीची गोधडी चढली आणि आतलं तापमान १० अंश वाढलं की त्या ११ ची साडेपाच वर्षं झाली. उन्हाळ्यात दूध ओट्यावर ठेवलं तर संध्याकाळपर्यंत नासतं आणि फ्रीजमध्ये दोन दिवस राहतं, त्यातलाच हा प्रकार. म्हणून जुना पीसी वर्षातून दोनदा उघडून ब्लोअरने साफ करणं हे मला कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा मोलाचं वाटतं, आणि खर्च काहीच नाही.

आता यातली खरी मजेची गोष्ट. १९९९ पासून पुढची सातआठ वर्षं जगभरच्या मदरबोर्डमध्ये खराब द्रव भरलेले कॅपॅसिटर मोठ्या प्रमाणात गेले. आत गॅस व्हायचा, डोकं फुगायचं, तपकिरी पाणी बाहेर यायचं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत तेव्हा रिपेअरिंग करणाऱ्या कुणालाही विचारा, फुगलेले कॅपॅसिटर काढून नवीन टाकणं हे रोजचं काम होतं. त्यानंतर चांगल्या बोर्डांवर द्रवाऐवजी घट्ट पॉलिमर असलेले सॉलिड कॅपॅसिटर यायला लागले आणि हा त्रास खूप कमी झाला. म्हणजे २००३ चा बोर्ड २०१३ च्या बोर्डापेक्षा कमी टिकाऊ निघण्याची शक्यता जास्त! "जुनं" असा काही एकच काळ नाही, कुठल्या वर्षातलं जुनं हे विचारायला हवं.

आणि काकांचा पीसी नेमका त्याच खराब काळातला. मग तो कसा वाचला? मी झाकण उघडलं तेव्हा उत्तर समोरच होतं. बोर्डवरचे पाच कॅपॅसिटर वेगळ्या रंगाचे, हाताने डाग दिलेले. एसएमपीएस दुसऱ्यांदा बदललेला. हार्डडिस्क एकदा बदललेली, प्रोसेसरचा पंखा बदललेला, रॅमची एक पट्टी नवीन. काका हे सगळं विसरून गेले होते, कारण प्रत्येक वेळी चारपाचशे रुपयांत काम झालं आणि दुसऱ्या दिवशी पत्रिका छापायला सुरुवात झाली. ज्याला ते "वीस वर्षं न बिघडलेला पीसी" म्हणत होते तो किमान पाच वेळा बिघडलाय, फक्त दर वेळी दुरुस्त होऊ शकला.

"जुन्या चिप जाडजूड होत्या, म्हणून टिकल्या ना?"

यात तथ्य आहे. १९८९ साली आलेल्या ४८६ प्रोसेसरमधले भाग एक मायक्रॉनच्या मापाचे होते, म्हणजे हजार नॅनोमीटर. आजच्या चिपमधल्या सगळ्यात बारीक तारा दहा-वीस नॅनोमीटरच्या घरात आहेत. वीज वाहताना तारेतले धातूचे अणू अगदी हळूहळू ढकलले जातात, ओढ्याच्या पाण्याने काठाची माती सुटत जाते तसे, आणि ओढा अरुंद असला आणि पाण्याला जोर असला की काठ लवकर खचतो. उष्णतेने हे आणखी वाढतं. ४८६ जेमतेम काही वॅट खायचा, सुरुवातीच्या कित्येक मशीनमध्ये त्यावर पंखाही नसायचा, आणि आजचा डेस्कटॉपचा वरच्या श्रेणीतला प्रोसेसर जोरात असताना अडीचशे वॅटपर्यंत जातो.

हा धोका नुसता कागदावरचा नाही. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये नेमकं असंच झालं, चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून घ्यायची आणि त्याने आतला भाग वेळेआधी झिजायचा, गेम आणि जड सॉफ्टवेअर क्रॅश व्हायला लागली. २०२४ मध्ये कंपनीने अपडेट दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ज्यांच्याकडे या पिढीचा डेस्कटॉप आहे त्यांनी बायॉस, म्हणजे पीसी सुरू होताना सगळ्यात आधी चालणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर, अपडेट केलाय का हे आजच बघा, आधीच झिजलेली चिप अपडेटने बरी होत नाही पण चांगली असेल तर वाचते.

असं असलं तरी सर्वसाधारणपणे चिप हा कॉम्प्युटरमधला सगळ्यात शेवटी जाणारा भाग, जुन्यातही आणि नव्यातही. चिपच्या आधी जातं ते तिच्या खालचं सोल्डर, म्हणजे डाग. १ जुलै २००६ पासून युरोपने इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिशाच्या वापरावर बंदी आणली आणि जगभर शिसं नसलेलं सोल्डर आलं. शिशाचं सोल्डर मऊ, चिप तापली-गार झाली की ते थोडं लवचिक राहायचं. नवीन सोल्डर कडक, आणि सुरुवातीच्या वर्षांत कंपन्यांनाही त्याचा हात बसला नव्हता. त्याच सुमारास तापणाऱ्या ग्राफिक्स चिपच्या जोडण्या तडकण्याचे प्रकार खूप झाले, एक्सबॉक्स ३६० च्या बिघाडांमुळे २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने वॉरंटी तीन वर्षं केली आणि १०० कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. पण शिसं परत आणा असं मी म्हणणार नाही, कारण भंगारात गेलेले हे बोर्ड शेवटी उघड्या हातांनी जाळणारी, फोडणारी माणसं आपल्याच देशातली असतात. आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत नवीन सोल्डरचं तंत्रही बरंच सुधारलंय.

"एसएसडीत फिरणारं काहीच नाही, मग ती तरी टिकायला हवी"

जुन्या हार्डडिस्कवाल्या पीसीची जागा बदलायची तर आधी "पार्क" अशी कमांड द्यावी लागायची, नाहीतर धक्क्याने डिस्कचं डोकं तबकडीवर आपटायचं. ते दिवस गेले. बॅकब्लेझ नावाची कंपनी लाखो हार्डडिस्क चालवते आणि किती गेल्या ते जाहीर करते, २०२४ चा त्यांचा आकडा १.५७ टक्के, म्हणजे शंभर डिस्क वर्षभर चालवल्या तर दीड-दोन जाणार. बराच चांगला आकडा आहे, पण तुमच्याकडे डिस्क एकच असेल आणि ती त्या दोनमधली निघाली तर तुमच्यासाठी तो शंभर टक्के.

एसएसडी म्हणजे फिरणाऱ्या तबकडीऐवजी चिपवर डेटा साठवणारी डिस्क, तिचं वेगळं आहे. ती लिहून लिहून झिजते, वहीच्या पानावर पेन्सिलने लिहून परत परत खोडरबर फिरवलं तर कागद विरतो तशी. पूर्वी एका कप्प्यात एकच गोष्ट साठवायचे, भरलेला की रिकामा, आणि असे कप्पे लाखभर वेळा लिहिता यायचे. आता स्वस्त एसएसडीत एकाच कप्प्यात १६ पातळ्या ओळखायच्या असतात. रिकामा ग्लास आणि भरलेला ग्लास कुणीही ओळखेल, पण ग्लासवर १६ खुणा करून पाणी नेमकं कुठल्या खुणेला आहे ते सांगायचं म्हटलं तर थोडं पाणी आटलं तरी उत्तर चुकतं. त्यामुळे आता लिहिण्याची मर्यादा हजाराच्या आसपास किंवा त्याहून कमी असते.

घाबरायचं मात्र कारण नाही, हिशोब करून बघा. ५०० जीबीच्या चांगल्या एसएसडीवर ३०० टीबी (एक टीबी म्हणजे हजार जीबी) लिहिण्याची हमी असते, रोज २० जीबी लिहिलं तरी वर्षाला साधारण ७.३ टीबी, म्हणजे ४० वर्षं. घरगुती वापरात एसएसडी झिजून जाणं दुर्मिळच. ती जाते ते तिच्यावरची कंट्रोलर चिप किंवा तिचं आतलं सॉफ्टवेअर बिघडून, आणि इथंच जुन्या-नव्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा फरक आहे: जुनी हार्डडिस्क बहुतेकदा आधी कुरकुरते, टकटक आवाज करते, फाईल उघडायला वेळ लावते, निदान चार दिवस मिळतात डेटा काढायला, आणि एसएसडी काल संध्याकाळपर्यंत छान चालते आणि आज सकाळी बायॉसमध्ये दिसतच नाही.

अजून एक, एसएसडी हे कपाटात ठेवायचं साधन नाही. घरगुती एसएसडीसाठीचं मानक एवढंच मागतं की पूर्ण झिजलेली डिस्क बंद अवस्थेत ३० अंशांना एक वर्ष डेटा सांभाळेल. नवीन असेल तर बरीच जास्त टिकते, पण आपल्याकडे एप्रिल-मे मधलं कपाट काय तापतं हे वेगळं सांगायला नको. लग्नाचे, मुलांचे फोटो एसएसडीवर टाकून लॉकरमध्ये ठेवले असतील तर ते काढून हार्डडिस्कवरही एक प्रत करा, मनापासून सांगतोय.

"म्हणजे कंपन्या मुद्दाम लवकर बिघडेल असं बनवतात?"

पूर्ण हो किंवा पूर्ण नाही असं उत्तर देता येत नाही. एक तर किंमत. नव्वदच्या दशकात पीसी घ्यायचा म्हणजे बँकेतल्या क्लार्कचे कित्येक महिन्यांचे पगार, त्या पैशात जाड पत्रा आणि दणकट भाग बसत होते. आजही तेवढी किंमत मोजणाऱ्याला तसा माल मिळतो. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये आणि अकाउंटंटच्या टेबलवर वर्षानुवर्षं खडखडणारा टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड आठवतोय? त्यातल्या चेरी कंपनीच्या स्विचांना ५ कोटी दाबांचं रेटिंग, आणि तो कीबोर्ड अजूनही विकत मिळतो. आपण चारशे रुपयांचा रबरी कीबोर्ड घेतो आणि मग त्या दोघांची तुलना करतो.

दुसरं कारण मला खटकतं. लॅपटॉप पातळ आणि हलका हवा म्हणून रॅम बोर्डलाच सोल्डर, काहींमध्ये स्टोरेजही सोल्डर, बॅटरी गोंदाने चिकटवलेली. लिथियमची बॅटरी साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज झाली की उतरायला लागते, हे आधीपासून माहीत असताना ती बदलणं अवघड करून ठेवणं मला पटत नाही. काकांच्या मुलीच्या लॅपटॉपमध्ये हेच झालं. वीजपुरवठ्याच्या भागातली एक बारीकशी चिप गेली असावी असं रिपेअरवाल्याचं म्हणणं, पण सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले पूर्ण बोर्ड बदला, खर्च नव्या लॅपटॉपच्या निम्म्याहून जास्त, आणि स्टोरेज त्याच बोर्डवर असल्याने तिचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट त्याच्याबरोबर गेला. भाग किती भरवशाचे यापेक्षा एक भाग गेला तर बाकीचे वाचतात का, हा प्रश्न तिथं जास्त महाग पडला. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांच्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला बदलता येतील अशा हव्यात असा नियम लागू होतोय, आपल्याकडे सरकारने २०२२ च्या डिसेंबरात राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलंय, तिथं कंपन्यांची दुरुस्तीची माहिती बघता येते. पुढे बरंच व्हायला हवंय.

"मग १९७७ चं व्हॉयेजर अजून कसं चालतंय?"

हा प्रश्न हमखास येतो. व्हॉयेजर १ या नासाच्या अवकाशयानातले कॉम्प्युटर कमी वीज खाणारे, किरणोत्साराला तोंड देतील असे निवडलेले, आणि महत्त्वाच्या गोष्टी दोन-दोन ठेवलेल्या. तरीही नोव्हेंबर २०२३ मध्ये ते निरर्थक डेटा पाठवायला लागलं. नासाच्या लोकांनी शोधून काढलं की मेमरीतली एक चिप गेलीय, त्या चिपवर असलेला प्रोग्रॅमचा भाग तुकडे करून दुसऱ्या जागी हलवला, सिग्नल एका बाजूने पोचायलाच साडेबावीस तास, आणि एप्रिल २०२४ मध्ये यान परत नीट बोलायला लागलं. छापखान्यातल्या पीसीचीच ही गोष्ट आहे. भाग गेलाच, पण पर्याय ठेवलेला होता आणि आतलं सगळं माहीत असलेली माणसं होती.

विंडोज १० वाल्या पीसीचं मग काय करायचं?

इथं दोन गोष्टी वेगळ्या करा. सपोर्ट संपला म्हणजे हार्डवेअर संपलं नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर, त्यामुळे २०१५-१६ चे धडधाकट पीसी बाहेर राहिले. हे डेस्कटॉप माझ्या मते टिकाऊपणात अगदी चांगल्या काळातले आहेत, सॉलिड कॅपॅसिटर, कमी वीज, सगळे भाग सुटे. पण अपडेट नसलेल्या मशीनवर नेटबँकिंग करू नका. घरगुती वापरासाठी जास्तीचे सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात, किंवा लिनक्स टाका, ब्राउझर, यूट्यूब, मराठी टायपिंग सगळं होतं. हार्डडिस्क काढून एसएसडी, प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी नवीन थर्मल पेस्ट, आतून सफाई आणि गरज असेल तर एसएमपीएस, एवढ्यावर असा पीसी अजून चारपाच वर्षं काढेल असं मला वाटतं. कोकणात किंवा किनाऱ्यालगत राहत असाल तर पावसाळ्यात आठवड्यातून दोनतीनदा तरी तासभर चालू ठेवा, धूळ आणि दमट हवा मिळून बोर्डवर जो थर बसतो तो गंज आणतो.

आणि काकांचा एक्सपीवाला? त्याची नेटची केबल आधी काढली. पूर्ण हार्डडिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, करून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवली, जुनी ४० जीबीची डिस्क काढून कन्व्हर्टर लावून छोटी एसएसडी बसवली, बायॉसचा २०३२ नंबरचा सेल बदलला आणि त्याच मॉडेलचा एक जुना बोर्ड शोधून कपाटात ठेवला. राहिलं ते हार्डवेअर लॉक. त्याची इमेज काढता येत नाही आणि दुसरं मिळत नाही, म्हणून काकांनी आता रोज संध्याकाळी दोन तास जुन्या पत्रिकांच्या फाईली एकेक करून युनिकोडमध्ये, म्हणजे त्या जुन्या सॉफ्टवेअरशिवायही वाचता येतील अशा मराठीत, करायला घेतल्यात, १९९८ पासूनच्या. सध्या २००६ पर्यंत आलेत.